गळ्यावरच्या रेघेवरून बेसरा ठरवू नका

पत्र

नमस्कार. मी बारामती तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. तीन वर्षांपासून लेन्स न बदलता येणाऱ्या जुन्या ब्रिज कॅमेऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढते. आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने गावची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यापक्ष्यांची नोंद) नव्याने भरायला घेतली आहे आणि पक्ष्यांची पानं माझ्याकडे दिली आहेत. बाकीचं जमलं, शिकारी पक्ष्यांपाशी गाडी अडली. सोबत तीन फोटो पाठवते.

पहिला ऑगस्टमधला, शाळेसमोरच्या कडुनिंबावरचा. एकाने शिक्रा सांगितलं, दुसऱ्याने गळ्यावरची रेघ दाखवून बेसरा. दुसरा डिसेंबरमधला, सुप्याच्या माळावर उडणारा तपकिरी भोवत्या. पाच जणांना विचारलं तर तीन नावं आली. बाकीचे फोटो धूसर होते म्हणून काढून टाकले. तिसरा फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीजवळच्या पिंपळावर बसलेला मोठा पक्षी. मुलं म्हणतात घार, गावातले जाणते म्हणतात गरुड, मोबाइलमधलं ॲप म्हणतं मधुबाज. नोंदवहीत चुकीचं नाव जायला नको. मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला तर हा घोळ मिटेल का?

उत्तर

नमस्कार ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो: लेन्स घेऊ नका. तुमच्या तीनपैकी दोन फोटोंत नाव ठरवायला लागतं ते सगळं आहे. उरलेल्या एकात, भोवत्याच्या फोटोत, जे नाही, ते लाखभर रुपयांच्या लेन्सनेही आलं नसतं, कारण त्या क्षणी पक्ष्याने तोंड फिरवलेलं होतं. आणि नोंदवहीबद्दल तुम्हाला वाटणारी काळजी मला फार मोलाची वाटते. २००२च्या जैवविविधता कायद्याने ही नोंदवही गावाच्या हातात दिली. ती पुढे कोण उघडेल, कशासाठी उघडेल, हे आज सांगता येत नाही. तिथे लिहिलेलं नाव खरं असायला हवं.

तुम्हाला उत्तरं देणारी माणसं कुठे घसरतात, ते तुमच्या पत्रातच दिसतं. सगळे रंगापासून सुरुवात करतात. तपकिरी आहे, छातीवर ठिपके आहेत, गळ्यावर रेघ आहे. शिकारी पक्ष्यांत रंग सगळ्यात शेवटी बघायचा. नराचा वेगळा, मादीचा वेगळा, पिल्लाचा तिसराच, आणि मधुबाजासारख्या पक्ष्यात तर एकाच झाडावरच्या दोन माद्याही सारख्या दिसत नाहीत. त्यावर संध्याकाळचं ऊन पडलं की पांढरी छातीही तांबूस होते. अंगाची ठेवण मात्र इतकी बदलत नाही. पायावर पिसं आहेत की नाहीत, बोटं लांब की आखूड, पंखाच्या टोकाला सुटी पिसं किती, शेपूट केवढी, डोकं केवढं. आधी हे बघायचं, मग वय आणि नर-मादी, आणि रंग त्यानंतर.

आता तुमचा कडुनिंबावरचा फोटो. मी तो स्क्रीनवर मोठा करून बराच वेळ पाहिला. पाठ तपकिरी, पिसांच्या कडा किंचित तांबूस. छातीवर थेंब ओघळावेत तसे उभे ठिपके. डोळा फिका पिवळा. हे या वर्षीचं पिल्लू आहे, एवढं इथेच ठरलं. मोठ्या पक्ष्याची पाठ राखाडी असते आणि छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा असतात. आणि पिल्लू म्हटलं की गळ्यावरच्या रेघेचं वजन एकदम कमी होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की बेसऱ्याच्या गळ्यावर ठळक काळी रेघ आणि शिक्र्याच्या गळ्यावर पुसट. ते मोठ्या पक्ष्यांना लागू आहे. शिक्र्याच्या पिल्लाच्या गळ्यावरही रेघ चांगली उठून दिसते. दरवर्षी पावसाळ्यात माझ्याकडे येणारे ‘बेसऱ्या’चे बहुतेक फोटो याच पिल्लांचे असतात.

मग रेघ बाजूला ठेवून काय पाहायचं? शेपूट आणि बोटं. तुमच्या फोटोत शेपटीची खालची बाजू दिसते आहे. तिच्यावरचे गडद पट्टे बारीक आहेत आणि दोन पट्ट्यांमधली फिकी जागा त्यांच्याहून रुंद आहे. बेसऱ्यात उलट असतं: गडद पट्टा फिक्या पट्ट्याएवढा किंवा त्याहून जाड. आता पायाकडे या. पक्ष्याने डावा पाय फांदीवर जरा पुढे टाकला आहे, त्यामुळे मधलं बोट पूर्ण दिसतं. ते आखूड आहे, पाय जाडसर. बेसऱ्याचे पाय काडीसारखे बारीक असतात आणि मधलं बोट नजरेत भरेल इतकं लांब, कारण तो दाट झाडीत प्रामुख्याने पाखरं पकडणारा शिकारी. शिक्रा सरडे, पाली, टोळ, उंदीर, चिमण्या असं मिळेल ते खातो आणि कडुनिंब, बाभूळ, गावातली परसं यांत रमतो. बेसऱ्याचं घर सह्याद्रीच्या जंगलात. तुमच्या कोरड्या माळावर ऑगस्टमध्ये तो बसणं फारच दूरची गोष्ट. हा शिक्रा आहे. निर्धास्त लिहा.

रेघेच्या फसवणुकीवर मी इतकं लांबण लावलं, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भोरजवळ एका ओढ्याकाठी असंच एक पिल्लू मिळालं. मी आनंदाने बेसरा म्हणून नोंद केली, चार जणांना फोन केले, आमच्या गटाच्या वार्षिक यादीत ते नाव गेलं. दोन वर्षांनी एका ज्येष्ठ पक्षीमित्राने फोटो हातात घेऊन एवढंच विचारलं, “मधलं बोट पाहिलंस का रे?” मी पाहिलं नव्हतं. यादी दुरुस्त झाली, पण तोपर्यंत ती आणखी दोन ठिकाणी उतरवली गेली होती. तिथून ते नाव काढायला मला फार खटपट करावी लागली. तेव्हापासून बसलेल्या शिकारी पक्ष्याचा फोटो आला की माझी नजर आधी पायांकडे जाते.

शिक्र्याजवळ जाणारा तिसरा पक्षी म्हणजे स्पॅरोहॉक. तो आपल्याकडे हिवाळ्यात येतो. त्याच्या गळ्यावर रेघ नसते, आणि पिल्लाच्याही छातीवर ठिपक्यांऐवजी आडवे पट्टे असतात. उडताना पंखाच्या टोकाची सुटी पिसं मोजा. पक्षीनिरीक्षक त्यांना बोटंच म्हणतात. स्पॅरोहॉकला सहा, शिक्रा आणि बेसऱ्याला पाच. मोजताना एक सांभाळा: जुनी पिसं गळून नवी येत असतात तेव्हा मध्येच एखादं नसतं किंवा अर्धवट वाढलेलं असतं. म्हणून दोन्ही पंख मोजा.

वर्गातल्या मुलांना नक्की दाखवावी अशी एक गंमत आहे. शिक्रा समजून काढलेल्या फोटोंत अधूनमधून चक्क पावशा निघतो. होय, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडणारा आपला पावशा. राखाडी पाठ, तांबूस छाती, पट्ट्यांची शेपूट, उडण्याची ढबही शिक्र्याची. लहान पाखरंसुद्धा त्याला पाहून घाबरतात. चोच पाहिली की उलगडा होतो. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची जवळजवळ सरळ. शिवाय पावशाचे पाय किरकोळ असतात, नखांत शिकाऱ्याची ताकद दिसत नाही.

आता तिसरा फोटो आधी घेतो, कारण तो सोपा आहे आणि सुंदरही. मोठा तपकिरी पक्षी, पिंपळाच्या आडव्या फांदीवर. गरुड म्हणणाऱ्यांचा दोष नाही, आकाराने तो तसा वाटतोच. पण फोटोत आकारावर कधीच विसंबू नका. लेन्स लांबचं जवळ आणते आणि मागे मापाला काहीच नसतं. पिंपळाचं पान शेजारी आहे हे आपलं नशीब. आकार सोडा, पाय बघा. पिवळे, उघडे, खवल्यांचे. सुप्याच्या आसपास दिसणारा पिंगट गरुड, हिवाळ्यात येणारा स्टेपी गरुड, बोनेलीचा गरुड या सगळ्यांच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात, पायमोजे घातल्यासारखी. तुमच्या पक्ष्याला पायमोजे नाहीत, त्यामुळे हे गरुड एका फटक्यात बाद. उघड्या पायांचे मोठे पक्षी मग थोडेच उरतात: सापमार गरुड, तुरेवाला सर्पगरुड, मधुबाज आणि घार.

सापमार गरुडाचं डोकं घुबडासारखं मोठं आणि गोल, डोळे टपोरे पिवळे. सर्पगरुडाच्या चोचीपासून डोळ्यापर्यंतची कातडी पिवळीधमक. तुमच्या पक्ष्याचं डोकं अंगाच्या मानाने लहान आहे, मान लांब, एकूण तोंडवळा कबुतरासारखा. गरुडाच्या डोळ्यावर हाडाची कड पुढे आलेली असते, त्यामुळे तो रागावल्यासारखा दिसतो. तुमच्या पक्ष्याच्या चेहऱ्यावर तो राग नाही. आणि आता डोळा आणि चोच यांमधली जागा शक्य तितकी मोठी करून पाहा. तिथे बारीक पिसं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली दिसतील. पोळ्यात तोंड घालताना मधमाश्यांचे डंख तिथे लागू नयेत, म्हणून हे चिलखत. हा मधुबाज आहे. डोळा पिवळा आणि चोचीच्या मुळाशी असणारं कातडं राखाडी, म्हणजे पूर्ण वाढलेली मादी. नराचा डोळा गडद असतो. पिल्लाचाही डोळा गडदच, पण त्याचं चोचीच्या मुळाशी असणारं कातडं पिवळं.

तुम्ही पत्रात पाण्याच्या टाकीचा उल्लेख सहज केला आहे, पण मला ते वाचूनच पहिला अंदाज आला होता. गावच्या टाकीखाली बऱ्याच ठिकाणी आग्या मोहोळं लोंबत असतात. तुमच्याही टाकीला असतील. मधुबाजाला मधापेक्षा पोळ्यातल्या अळ्यांची ओढ जास्त. पक्षी कुठे बसला होता, शेजारी काय होतं, हे फोटोसोबत दोन ओळीत लिहून ठेवत चला. ते पुढे पिसाइतकंच उपयोगी पडतं.

मुलं घार म्हणाली त्यांनाही शाबासकी द्या, त्यांनी निदान उघडे पाय तरी बरोबर पाहिले असणार. घारीची शेपूट मिटलेली असताना मध्ये खाच पडलेली दिसते, माशाच्या शेपटीसारखी. मधुबाजाची शेपूट गोलसर असते.

पायमोजेवाला गरुड कधी सापडलाच तर काय करायचं, तेही थोडक्यात सांगतो. पिंगट आणि स्टेपी यांत गफलत नेहमीची. चोचीची पिवळी फट कुठपर्यंत जाते ते बघा. पिंगट गरुडात ती डोळ्याच्या मध्याखाली थांबते, स्टेपीत डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोहोचते. नाकपुडी दोघांचीही लांबट. ती गोल दिसली तर ठिपकेदार गरुडांच्या बाजूने विचार करा.

राहिला डिसेंबरचा भोवत्या, आणि इथे मी तुम्हाला एकच नाव देणार नाही.

सुप्याचा, म्हणजे मयूरेश्वर अभयारण्याचा माळ मला चांगला ठाऊक आहे. पाच चौरस किलोमीटरहून थोडंसंच मोठं, १९९७ साली घोषित झालेलं, लोक तिथे चिंकाऱ्यासाठी जातात. पण हिवाळ्यातल्या संध्याकाळी गवतावरून कमरेइतक्या उंचीवर, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून डुलत जाणारा भोवत्या एकदा पाहिला की माणूस चिंकाऱ्याला विसरतो. तिथे प्रामुख्याने दोन जाती येतात, फिकट भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या. नर असला तर सोपं. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर मधोमध काळी पट्टी असते आणि पंखाची टोकं भरपूर काळी. फिकट भोवत्याचा नर नावाप्रमाणे जवळजवळ पांढरा, टोकाला फक्त काळी पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र दोन्ही जातींची तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. जाणत्यांनाही इथे घाम फुटतो.

तुमच्या फोटोत एका पंखाच्या टोकाला चार बोटं स्वच्छ मोजता येतात. त्यामुळे पाच बोटांचे भोवत्ये बाजूला झाले आणि या दोघांवर आपण आलो. इथवर खात्री. पोटावर रेघा आहेत, म्हणजे मादी, कारण डिसेंबरमधल्या पिल्लाचं पोट बिनरेघांचं नारिंगी असतं. पुढे दोन गोष्टी लागतात. एक, चेहरा. फिकट भोवत्याच्या गालावरच्या गडद डागामागे फिकी कॉलर असते आणि तिच्यामागे मान पुन्हा गडद. माँटेग्यूत अशी स्वच्छ कॉलर नसते, डोळ्याभोवती पांढरं जास्त असतं. तुमच्या पक्ष्याने मान पलीकडे फिरवली आहे. दोन, पंखाच्या मागच्या अर्ध्या भागाची खालची बाजू. माँटेग्यूच्या मादीत तिथले गडद पट्टे ठळक, सारख्या अंतराने, थेट अंगापर्यंत जातात. फिकट भोवत्यात तो भाग अंगाकडे जाताना काळवंडतो आणि फिके पट्टे विरत जातात. तुमच्या फोटोत पंखाचा नेमका तेवढाच भाग सावलीत आहे. मी उजेड वाढवून पाहिला, पट्ट्यांऐवजी नुसता दाणेदार धूर मिळाला. त्यात पट्टे शोधू लागलो तर मला हवे ते दिसतील. त्यांवर मी नाव ठेवणार नाही.

तेव्हा नोंदवहीत लिहा: ‘फिकट किंवा माँटेग्यूचा भोवत्या, मादी’. अशी नोंद करायला कमीपणा वाटून घेऊ नका. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) याच दोन जातींसाठी अशी जोडनोंद करायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि मुरलेली माणसं ती रोज वापरतात.

तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मात्र जीव हळहळला. “बाकीचे फोटो धूसर होते म्हणून काढून टाकले.” ताई, त्या धूसर फोटोंतच उत्तर असण्याची शक्यता होती. एखाद्यात मान वळलेली असेल, एखाद्यात पंख उन्हात आला असेल. भिंतीवर लावायचा फोटो आणि ओळख पटवायचा फोटो वेगवेगळे असतात. कॅमेरा बर्स्टवर (एकापाठोपाठ फोटो काढण्यावर) ठेवा, पक्षी समोर असेपर्यंत बटण दाबत राहा, पंख वर असतानाचे, खाली असतानाचे, पाठमोरे, सगळे ठेवा. शटरचा वेग सोळाशेच्या वर (सेकंदाच्या सोळाशेव्या भागाहून जलद) न्या. आभाळाकडे रोखताना एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) एक ते दीड स्टॉप, म्हणजे +१ ते +१.५, वाढवा, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती मिळते. त्यात आभाळ पांढरं फटक आलं तरी चालेल, आपल्याला पंखाखालचे पट्टे हवेत. आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत खवले, नाकपुड्या आणि चोचीची फट आधी मरते.

ॲपबद्दल: मधुबाज त्याने बरोबर ओळखला, त्याचं कौतुक आहे. पहिला अंदाज घ्यायला जरूर वापरा. पण फोटोत नसलेली कॉलर ॲपलाही दिसत नाही, आणि तरीही ते एखादं नाव पुढे करतंच. त्याने सांगितलेल्या नावाची एकेक खूण आपल्या फोटोवर बोट ठेवून दाखवता आली तरच ते स्वीकारा.

नोंदवहीत मराठी नावाशेजारी शास्त्रीय नावही लिहा. आपल्याकडे ‘मोरघार’ हे नाव कुणी एका गरुडाला देतं, कुणी दुसऱ्याच, आणि तालुका बदलला की पुन्हा बदलतं. शिक्र्याचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत ॲक्सिपिटर बेडियस मिळेल. २०२४पासून ई-बर्डच्या यादीत त्याचं टॅकिस्पायझा बेडिया झालं आहे. दोन्ही लिहिली तर नंतर वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. गावात शिक्र्याचं घरटं असेल तर मात्र त्याचं नेमकं झाड नोंदवहीत किंवा मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका. ‘गावठाणात घरटं करतो’ एवढं पुरे.

येत्या डिसेंबरमध्ये सुप्याला परत जा. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. भोवत्ये रात्री गवतात जमिनीवरच एकत्र बसतात, त्यामुळे दिवसभर पांगलेले पक्षी त्या वेळी एकेक करून परततात. गाडी वाटेवरच ठेवा, गवतात पाऊल टाकू नका, एकदा उठवलेले पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत भरकटतात. सूर्य पाठीशी राहील असं बघा, म्हणजे पंखाखाली उजेड पोहोचेल. आणि आलात की सगळे फोटो पाठवा, हललेले, धूसर, अर्धवट कापलेले, सगळे. मी एकेक उघडून बघेन.